बीटा सिस्टिम घरच्या लॅपटॉपवर: आत काय न्यायचं, बाहेर काय ठेवायचं

प्रश्न असा आहे. महाद्वार रोडजवळ वडिलांचं छोटं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, दूध संस्थेचे वार्षिक अहवाल अशी कामं. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरात एकच लॅपटॉप: 16 जीबी रॅम, 512 जीबीची एसएसडी, विंडोज 11 होम. दुकानाच्या फाइली त्याच्यावरच आणि अभ्यासही त्याच्यावरच. त्याला विंडोजची पुढची आवृत्ती आणि उबुंटू या लिनक्स सिस्टिमची बीटा, म्हणजे पक्की होण्याआधीची चाचणीची आवृत्ती, चालवून बघायची आहे. एक मित्र म्हणतो, ड्युअल बूट कर, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन सिस्टिम शेजारी-शेजारी टाक. दुसरा म्हणतो, व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम), म्हणजे चालू विंडोजच्या आत खिडकीत चालणाऱ्या आभासी संगणकात टाक, काहीच होत नाही. "काका, खरंच काही होत नाही का? आणि सुरुवात कुठून करू?"

कोल्हापुरातल्या प्रेस, डीटीपीवाले आणि संस्थांचे संगणक सांभाळून मला वीस वर्षं होऊन गेली. बीटा मी त्यातली निम्मी वर्षं तरी सतत चालवतोय, कारण गिऱ्हाईक नवी विंडोज घेऊन दारात यायच्या आधी मला ती माहीत असावी लागते. म्हणून सविस्तर सांगतो.

आधी थेट उत्तर. व्हर्च्युअल मशीनमध्येच कर, ड्युअल बूट नको. पण "काहीच होत नाही" यावर विश्वास ठेवू नकोस. व्हीएमची भिंत पक्की असते. दारं मात्र आपणच सोयीसाठी उघडी ठेवतो आणि नुकसान होतं ते तिथून.

ड्युअल बूटला मी इतका ठाम नकार का देतो? त्यात दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर राहतात आणि मशीन सुरू करणारा भाग दोघींमध्ये सामाईक असतो. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजचं एक सुरक्षा अपडेट आलं. ते बीटा नव्हतं, सगळ्यांसाठीचं नेहमीचं होतं. त्यानंतर अनेकांच्या ड्युअल बूट मशीनवरचं लिनक्स सुरूच होईना, कारण सिक्युअर बूटच्या (फक्त ओळखीचीच सिस्टिम सुरू होऊ देणाऱ्या सोयीच्या) नव्या नियमानं लिनक्सचा जुना बूटलोडर, म्हणजे ती सुरू करणारा प्रोग्रॅम, नाकारला. पक्क्या आवृत्तीच्या अपडेटनं हे होऊ शकतं, तर कच्च्या आवृत्तीच्या भरवशावर वडिलांच्या लॅपटॉपचं बूट ठेवणं मला पटत नाही. लग्नसराईत चार पत्रिकांची डिलिव्हरी द्यायची आहे आणि स्क्रीन काळी, ही वेळ कुणावर येऊ नये.

तसं बघितलं तर नवी सिस्टिम तपासायला व्हीएम वापरणं ही जुनीच रीत आहे. 1972 साली आयबीएमनं मोठ्या संगणकांसाठी व्हीएम 370 आणली, तेव्हा तिचा एक उपयोग हाच होता: चालू काम न थांबवता त्याच यंत्रावर नवी सिस्टिम तपासणं. आपल्या टेबलावरच्या प्रोसेसरमध्ये त्याची सोय 2005-06 च्या सुमारास आली, इंटेलची व्हीटी-एक्स आणि एएमडीची एएमडी-व्ही.

ती सोय तुझ्या लॅपटॉपवर चालू आहे का ते बघ. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. खाली व्हर्च्युअलायझेशनपुढे एनेबल्ड दिसलं तर प्रश्न मिटला. डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागेल. इंटेलवर तो पर्याय इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी या नावानं असतो, एएमडीवर बहुतेक ठिकाणी एसव्हीएम मोड. बायोसमध्ये तेवढंच बदल आणि बाहेर ये. पोरं तिथंच सिक्युअर बूटही बंद करून ठेवतात, मग डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर रिकव्हरी की मागतो आणि ती कुणाकडेच नसते.

आता सॉफ्टवेअर. तुझी विंडोज होम आहे, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा व्हीएम प्रोग्रॅम हायपर-व्ही मिळणार नाही. तो प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांत असतो. राहिले दोन, व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो. वर्कस्टेशन मे 2024 पासून वैयक्तिक वापराला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून सगळ्यांनाच फुकट आहे. ग्राफिक्सला तो जरा हलका चालतो. तरी शिकणाऱ्याला मी व्हर्च्युअलबॉक्सच सांगतो. त्यात कुठलं दार उघडं आहे आणि कुठलं बंद, हे सेटिंगमध्ये स्पष्ट दिसतं. आवृत्ती 7 किंवा त्यापुढचीच घे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हा सुरक्षेचा भाग लागतो आणि तो आभासी रूपात द्यायची सोय व्हर्च्युअलबॉक्समध्ये 2022 सालच्या आवृत्ती 7 पासून आली. टीपीएमची तपासणी चुकवायच्या युक्त्या यूट्यूबवर सांगतात, त्यांची आता गरज उरलेली नाही. आणखी एक: एक्स्टेन्शन पॅक नावाची वेगळी फाइल दिसेल. ती वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरालाच मोफत आहे. तुझ्या लॅपटॉपवर दुकान चालतं, म्हणून ती घेऊच नकोस. या कामाला ती लागत नाही.

व्हीएम सुरू केल्यावर खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर घाबरू नकोस. विंडोजनं आपल्या सुरक्षेसाठी, मेमरी इंटेग्रिटीसारख्या गोष्टींसाठी, प्रोसेसरची ती सोय आधीच ताब्यात घेतलेली असते आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत काम करावं लागतं. त्यानं वेग कमी होतो. वेगासाठी मेमरी इंटेग्रिटी बंद करा असा सल्ला सर्रास मिळेल. दुकानाच्या मशीनवर मी तो मानत नाही. बीटा थोडी रेंगाळली तर कुणाचं अडत नाही.

व्हीएमच्या आत चालते ती सिस्टिम गेस्ट, बाहेरचा तुझा लॅपटॉप होस्ट. विंडोज गेस्टला 6 जीबी रॅम दे, उबुंटूला 4, आणि दोन्ही एकदम चालवू नकोस. प्रोसेसरचे निम्म्याहून जास्त कोर देऊ नकोस. डिस्क विंडोजला 64 जीबी, उबुंटूला 25 च्या पुढे. डिस्क डायनॅमिक ठेवलीस तर ती फाइल भरेल तशी वाढते, पण आतलं पुसलं म्हणून आपोआप आकसत नाही. म्हणून सुरू करण्याआधी एसएसडीवर 120 जीबी तरी मोकळे असू देत. मोकळे नसतील तर आधी जुन्या अहवालांचे पीडीएफ बाहेरच्या डिस्कवर हलव.

आयएसओ फाइल, म्हणजे सिस्टिम इन्स्टॉल करायची फाइल, मायक्रोसॉफ्टच्या इन्सायडर (बीटा चालवणाऱ्यांच्या) पानावरून आणि उबुंटूच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरव. मित्राच्या पेनड्राइव्हवरची नको, टेलिग्रामवरची तर नकोच. उतरली की तिचा एसएचए-256 आकडा (फाइलच्या मजकुरावरून निघणारी खूण) साइटवर दिलेल्या आकड्याशी ताडून बघ. पाच-सहा जीबीची फाइल मध्येच नेट अडखळून खराब उतरली, तर इन्स्टॉल अर्ध्यावर फसतं आणि आपण उगाच बीटाला दोष देत बसतो.

आता दारांबद्दल. हा भाग नीट वाच.

काही वर्षांपूर्वी एका बीटामध्ये मराठी फाँट तपासत होतो. सोपं पडावं म्हणून होस्टचा अख्खा डी ड्राइव्ह शेअर्ड फोल्डर म्हणून आत दिला, तोही लिहिण्याच्या परवानगीसह. काम झाल्यावर गेस्टच्या आतून चाचणीच्या फाइली पुसायला गेलो. ज्याला मी गेस्टमधला फोल्डर समजत होतो, तो शेअर केलेला ड्राइव्ह होता. शेअर्ड फोल्डरमधून पुसलेली फाइल होस्टच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. त्यात एका संस्थेच्या अहवालाचं तीन दिवसांचं टायपिंग होतं. बॅकअप आठवड्यापूर्वीचा. दोन रात्री जागून तो मजकूर पुन्हा बसवला, पण समोरच्या माणसाला "उद्या देतो" हे दोनदा सांगावं लागलं, ते मला अजून आठवतं. त्यात बीटाचा काडीचाही दोष नव्हता. दार मी उघडं ठेवलं होतं.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा: शेअर्ड फोल्डर द्यायचाच तर एकच, रिकामा, नवा, "बीटाला_दिलेलं" अशा नावाचा आणि फक्त वाचण्यापुरता. त्यात मूळ फाइल कधीच नाही, नक्कल ठेवायची. क्लिपबोर्ड आणि ड्रॅग-ड्रॉप दोन्ही बंद. नेटवर्क नॅटवर, म्हणजे गेस्टला इंटरनेट होस्टच्या आडून मिळतं. ब्रिज्ड केलंस तर गेस्ट घरच्या वायफायवर वेगळ्या संगणकासारखा उभा राहतो आणि दुकानाचा प्रिंटर, दुसरं मशीन, सगळ्यांच्या ओळखीचा होतो. या कामाला ते नको.

यापेक्षा मोठं दार मात्र सेटिंगच्या यादीत दिसतच नाही. ते म्हणजे खातं. गेस्टमधल्या नव्या विंडोजमध्ये वडिलांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलंस आणि वनड्राइव्हला होकार दिलास, तर दुकानाच्या फाइली आपण होऊन बीटाच्या आत येतील. आत एखादी पुसली गेली की ते पुसणं सिंक होऊन बाहेरही पोहोचेल. भिंत जागेवर, आणि माल इंटरनेटवरून फिरून आत-बाहेर. क्रोमचंही तेच. म्हणून चाचणीसाठी वेगळं खातं काढ. त्याला ना तुझा फोन जोडलेला असेल, ना बँक, ना यूपीआय. इन्सायडर आवृत्तीत मायक्रोसॉफ्टला जास्तीची निदानविषयक माहिती पाठवायला संमती द्यावी लागते. दुकानाच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि नंबर तिथे नकोत, याचं हे आणखी एक कारण.

स्नॅपशॉटबद्दल थोडं. स्नॅपशॉट घेतला की व्हीएमची डिस्क फाइल त्या क्षणी गोठते आणि पुढचे बदल दुसऱ्या फाइलमध्ये लिहिले जातात. मागे जायचं म्हणजे ती दुसरी फाइल टाकून द्यायची. यावरून दोन गोष्टी ओघानं येतात. एक, साखळी लांबली की जागा झरझर संपते. मी दोनच ठेवतो, एक ताज्या इन्स्टॉलनंतरचा आणि एक शेवटच्या मोठ्या अपडेटआधीचा. दुसरी, मूळ फाइल बिघडली तर तिच्यावर उभे असलेले सगळे स्नॅपशॉट एकदम जातात. ते त्याच एसएसडीवर आहेत, त्यांना बॅकअप म्हणता येत नाही. ऑगस्ट 2019 च्या आणि नंतर जुलै 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला शिरलं. पाणी ओसरल्यावर माझ्याकडे जे संगणक आले, त्यांत बॅकअप होते, पण त्याच कॅबिनेटमधल्या दुसऱ्या डिस्कवर. दोन्ही डिस्कांत गाळ. व्हीएम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी दुकानाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरव आणि ती डिस्क घरी, वरच्या कपाटात ठेव.

स्नॅपशॉट काढून टाकताना दोन फाइली एकत्र होतात, त्याला वेळ लागतो. मध्येच वीज गेली तर मोडतोड होऊ शकते. तुझ्या लॅपटॉपला बॅटरी आहे, तरी चार्ज बघून कर. डेस्कटॉप असता तर पावसाळ्यात यूपीएसशिवाय करू नको म्हणालो असतो. शिवाय विंडोजच्या इन्सायडर आवृत्तीला मुदत असते. सहा महिन्यांपूर्वीच्या स्नॅपशॉटवर गेलास तर आधी इशारे येतील आणि मग ती आवृत्ती चालायचीच थांबेल.

हे सगळं झालं, बीटा सुरू झाली, आता तिच्यात करायचं काय? इथंच बहुतेक जण दोन दिवसांत कंटाळतात. नवा स्टार्ट मेनू बघितला, वॉलपेपर बदलला, संपलं. तुझ्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी अमेरिकेत बसलेल्या कुठल्याही तपासनिसाकडे नाही. तुला मराठी पान कसं दिसायला हवं ते कळतं. वडिलांच्या हाताखाली तू ते शिकला आहेस. आत जाताना आपलं काम घेऊन जा.

मी एक चाचणीचं पान ठेवलंय, प्रत्येक बीटात तेच उघडतो. पहिली ओळ "आचार्यांना नमस्कार, आचाऱ्यांना आगाऊ रक्कम". पहिला गुरू, दुसरा स्वयंपाक करणारा, आणि फरक फक्त रफार की आडवा र एवढाच. "दर्या" आणि "दऱ्या"चंही तसंच. सिस्टिमचं अक्षर जुळवणारं इंजिन किंवा फाँट बदलला की हा आडवा र कधी तुटतो, कधी त्याचा रफार होतो, कधी खाली हलंत लोंबतो.

दुसरी ओळ "ॲड." ची. पत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत एखादे ॲडव्होकेट असतातच. हे अक्षर दोन तऱ्हेनं टाइप होतं. एक स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये 2008 साली आवृत्ती 5.1 मध्ये आलं, आणि दुसरं अ-वर चंद्र देऊन केलेलं. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला वेगळी. काही ठिकाणी दुसऱ्या तऱ्हेत ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. एका तऱ्हेनं शोधलं की दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं सापडत नाही. कळफलकाचं बटण नव्या आवृत्तीत नक्की कोणतं अक्षर देतं, ते तपास. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्टबरोबर 2019 पासून मराठी फोनेटिकही आहे, दोन्हीवर बघ.

मग "श्री", "कृपाभिलाषी", "ज्ञानेश्वरी", "ळ" असलेले चार शब्द, "चि. सौ. कां." मधली टिंबं. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. काही फाँटमध्ये दोन्ही असतात आणि मजकूर मराठी आहे असं सिस्टिमला सांगितलं तरच मराठी वळण उमटतं. उबुंटूवर लिबरऑफिसमध्ये भाषा मराठी आणि नंतर हिंदी करून तीच ओळ बघ. शेवटी तेच पान पीडीएफ करून त्यातला मजकूर परत कॉपी करून बघ, अक्षरं जागेवर राहतात का. दूध संस्थेचा अहवाल पुढच्या वर्षी कुणीतरी असाच पीडीएफमधून उचलणार असतो.

जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटमधली एक फाइल नक्कल करून आत ने आणि उघडून बघ. पण डोंगलवर, म्हणजे परवान्याच्या पेनड्राइव्हसारख्या चावीवर, चालणारं दुकानाचं डीटीपी सॉफ्टवेअर आत टाकायच्या फंदात पडू नकोस. परवाना देणाऱ्या सॉफ्टवेअरला व्हीएम म्हणजे नवं मशीन. मोजकेच परवाने असतात, त्यातला एक बीटासाठी खर्च झाला तर वडिलांचं काम अडेल.

चूक सापडली तर कळव, आणि नीट कळव. हे मी आग्रहानं सांगतो. 2 ऑक्टोबर 2018 ला विंडोज 10 ची 1809 ही आवृत्ती आली आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली अपडेट करताना पुसल्या गेल्या. 6 तारखेला मायक्रोसॉफ्टला वाटप थांबवावं लागलं. नंतर पुढे आलं की बीटा चालवणाऱ्या काही जणांनी हे आधीच फीडबॅक हब या मायक्रोसॉफ्टच्या तक्रारपेटीत नोंदवलं होतं. पण त्या नोंदींना मतं कमी होती, त्या ढिगात खाली राहिल्या. पुढे मायक्रोसॉफ्टनं त्रास किती गंभीर आहे हे सांगायची सोय तिथे वाढवली. मराठीच्या तक्रारींना मतं कमीच पडणार, म्हणून त्या लिहिण्यात तरी कसर नको. आवृत्तीचा पूर्ण बिल्ड नंबर, कोणता कळफलक, कोणती बटणं कोणत्या क्रमानं दाबली, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, दोन्हींचे स्क्रीनशॉट. वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही हे धरून चाल. अक्षरांचे युनिकोड क्रमांक दे. उबुंटूवर टर्मिनलमध्ये उबुंटू-बग ही आज्ञा पॅकेजच्या नावासह दिली की बरीच माहिती ती आपणच गोळा करते. आपण व्हर्च्युअलबॉक्सच्या आत आहोत हेही लिही, कारण कधी कधी दोष त्याचाच असतो.

बीटाकडे लक्ष देऊन बघणारा एक माणूस काय करू शकतो, याचं मी पाहिलेलं सर्वात मोठं उदाहरण मार्च 2024 चं. अँड्रेस फ्रॉइंड हा अभियंता डेबियन या लिनक्सच्या अनस्टेबल, म्हणजे अजून कच्च्या आवृत्तीवर वेगळंच काहीतरी मोजत होता. त्याला दिसलं की एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या संगणकात दुरून शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि एक्सझेड या फाइली दाबण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मुद्दाम बसवलेलं चोरदार सापडलं. 29 मार्चला त्यानं ते जाहीर केलं. उबुंटू 24.04 ची बीटा त्यामुळे आठवडाभर पुढे गेली, ते चोरदार आल्यानंतर बांधलेली पॅकेजं पुन्हा नव्यानं बांधली गेली. ते चोरदार पक्क्या आवृत्त्यांत पसरायच्या आधी चाचणीच्या आवृत्त्यांत येऊन बसलं होतं. म्हणजे बीटामध्ये बँकेचं लॉगिन करू नकोस, हा माझा हट्ट कोरडा नाही.

व्हीएम काय दाखवू शकत नाही, तेही ऐक. तुझ्या लॅपटॉपचं वायफाय, झाकण मिटल्यावरची झोप, बोटाचा ठसा, ग्राफिक्स कार्ड यातलं काहीही गेस्टला दिसत नाही. त्याला व्हर्च्युअलबॉक्सनं दिलेलं आभासी हार्डवेअरच दिसतं. आत झकास चालली म्हणून वडिलांच्या मशीनवर ती पक्की होताच टाकून देऊ नकोस. छपाईच्या रंगांबद्दल तर व्हीएममधल्या स्क्रीनवरून काहीच मत बनवू नये. आणि गेस्ट ॲडिशन्स (गेस्टमध्ये स्क्रीन वगैरे नीट चालवणारी व्हर्च्युअलबॉक्सची जोड) बीटाच्या नव्या कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, बसल्या नाहीत, स्क्रीन छोटी राहिली, तर त्यामागे दिवस घालवू नकोस. चाचणीचं पान छोट्या खिडकीतही वाचता येतं.

या रविवारी एवढंच कर: बॅकअप घे, टास्क मॅनेजर बघ, उबुंटू आधी टाक. ती हलकी आहे आणि परवान्याची भानगड नाही. विंडोज पुढच्या रविवारी. व्हर्च्युअलायझेशन बंद दिसलं आणि बायोसमध्ये पर्याय सापडला नाही, तर लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल नंबर इथेच लिही. बायोसमधला तो पर्याय कोणत्या पानावर असतो ते बघून सांगतो.